गाडीतल्या स्पीकरमधून येणारी ‘कुंई’ घालवायची कशी?

डिकीत अँप्लिफायर बसवून घेतला, दुकानाबाहेर गाणं लावून बघितलं, झकास वाजलं. पैसे दिले आणि निघालो. पहिल्याच सिग्नलला गाणं संपलं आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ऐकू आली ती बारीक कुंई. एक्सलेटर दाबला की चढायची, पाय काढला की उतरायची. गाडी परत नेली तर दुकानदार म्हणाला, “साहेब, अँप लावला की एवढं येतंच. आवाज थोडा वाढवा, कळणार नाही.”

येतंच असं नाही. पण हे कळेपर्यंत मी साडेचारशे रुपयांचा एक फिल्टर, नंतर एक आयसोलेटर आणि शेवटी स्टीरिओकडून अँपला गाणं पोचवणारी महागडी आरसीए केबल, असं सगळं क्रमाने विकत घेऊन झालं होतं. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने आठ-दहा फूट वायरचा तुकडा काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला अडकवलं, दुसरं नुसतं अँपच्या अर्थच्या (निगेटिव्ह जोडणीच्या) स्क्रूला टेकवलं. आवाज बंद. उचललं, चालू. टेकवलं, बंद. दोन-तीनदा करून दाखवलं आणि चहा घ्यायला निघून गेला.

खाली लिहिलेला क्रम त्यानंतर मी स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून चार गाड्यांवर वापरला आहे. विकत काही आणायच्या आधी आवाज कुठून शिरतोय ते शोधायचं, एवढाच त्यामागचा हिशोब.

लागणारं सामान

- डिजिटल मल्टिमीटर (साधा चालेल, एका चाचणीला मात्र चालत नाही, ते पायरी ७ मध्ये)
- १० नंबरचा पाना, बॅटरीचे टर्मिनल बहुतेक गाड्यांत त्यानेच निघतात
- बॅटरीपासून डिकीपर्यंत पोचेल एवढी लांब वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली
- जुन्या आरसीए केबलच्या दोन पिना
- पॉलिश पेपर, वायर ब्रश, दोन-तीन थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं), इन्सुलेशन टेप, केबल टाय
- डॅशबोर्डमधला टेप (म्हणजे स्टीरिओ) बाहेर काढायच्या पट्ट्या किंवा प्लॅस्टिकचं पातं. स्टीलच्या पेचकसने डॅशबोर्ड उचकटू नका, ओरखडे जन्मभर दिसतात

हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका चकरेत मिळतं.

आधी चार सावधगिऱ्या

वायरींना हात लावायच्या आधी किल्ली काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. काही गाड्यांत कंपनीच्या टेपला बॅटरी काढल्यावर कोड लागतो, तो गाडीच्या कागदपत्रांत आहे का ते आधी बघा.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल कधीही काढू नका. “डायनामो (अल्टरनेटर) चालतोय का बघू” म्हणून हे करणारे लोक अजून आहेत. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आता त्या एका क्षणाला व्होल्टेज उसळतं आणि टेपच काय, गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

पिवळ्या वेष्टनातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. दोन्हींपासून लांब.

चौथी गोष्ट, अँप चालू असताना आरसीए पिन काढू-घालू नका. स्पीकरला धक्का बसतो तो वेगळा, पण टेपच्या आतही नुकसान होतं. कसं ते पुढे येईल.

१. नुसते ऐका

ही पायरी सगळे गाळतात. गाडी शांत जागी लावा, काचा बंद करा, एसी आणि पंखा बंद करा. टेप चालू, आवाज शून्यावर. आधी इंजिन बंद, नुसती किल्ली ऑन. मग इंजिन सुरू. मग जागेवरच हळूहळू रेस द्या. काय ऐकू येतं?

*रेसबरोबर चढणारी कुंई:* ही डायनामोची. डायनामो आत तीन फेजचा एसी करंट तयार करतो, डायोड त्याचा डीसी करतात, पण तो अगदी सपाट होत नाही. बारीक लाटा उरतात. बऱ्याच डायनामोंत एका फेऱ्याला अशा ३६ लाटा असतात. इंजिन ८०० आरपीएमवर आणि पुली अडीचपट वेगाने फिरवत असेल तर डायनामो मिनिटाला २००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण १२०० लाटा. माणसाच्या कानाला हा सूर नेमका टोचतो. लाटा सगळ्याच गाड्यांत असतात. त्या गाण्यात शिरतात ती वाट आपल्याला शोधायची आहे.

*रेसबरोबर जलद होणारी टिकटिक:* पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग किंवा त्याच्या वायरी. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे तिथे हा संशय सोडून द्या. सीएनजी गाडीतली टिकटिक बहुतेक वेळा इंजेक्टरची असते आणि ती बॉनेटमधून येते, स्पीकरमधून नाही. दार उघडून ऐकलं की कळतं.

*रेस दिली तरी न बदलणारी हिस्स:* अँपवरचा गेन (पायरी ८) जास्त ठेवलाय, किंवा टेपच हलक्या प्रतीचा आहे.

*किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधीच येणारी घूं:* टाकीतला पेट्रोल पंप. काही सेकंदांत थांबली तर नक्की तोच.

*मधूनच टर्र-टर्र-टर्र, आणि मग फोन वाजतो:* हा फोनच. टू-जी नेटवर्कवर फोन सेकंदाला २१७ वेळा सिग्नल सोडतो, तो केबलमध्ये उतरतो. फोन टेपपासून फूटभर लांब ठेवा, विषय संपला.

*फक्त ठरावीक बासला येणारी झर्रर्र:* ही वायरिंगची भानगडच नाही. दाराचं पॅनल, मागची ट्रे, नंबर प्लेट यांपैकी काहीतरी थरथरतंय. गाणं लावून एकाला दारावर तळहात दाबायला सांगा. आवाज थांबला तर क्लिप तुटलेली आहे किंवा दारात थरथर शोषणारी डँपिंग शीट लावायला हवी. माझ्या एका मित्राने अँप बदलला होता. झर्रर्र मागच्या नंबर प्लेटची निघाली.

२. चार्जर काढा

सगळ्यात सोपी चाचणी, आणि निम्मे लोक इथेच मोकळे होतात. फोन गाडीच्या सॉकेटमधल्या चार्जरला लावलाय आणि त्याच फोनमधून ऑक्स केबलने गाणी वाजवताय? मग चार्जरमधून एक अर्थ आणि ऑक्समधून दुसरा, असा गोल रस्ता तयार होतो. चार्जर उपटा. कुंई गेली तर अँपला हातही लावू नका. ब्लूटूथ वापरा, नाहीतर ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन्हीकडचे अर्थ तोडणारी डबी) लावा. आयसोलेटर खरा उपयोगी पडतो तो इथेच.

आता टेपवर एफएम, यूएसबी, ब्लूटूथ असं एकेक लावून बघा. आवाज फक्त एफएमवर येत असेल तर दोष अँटेनाच्या वाटेने येतोय. अँटेनाची पिन काढून बघा. डॅशकॅमचा चार्जर, स्वस्तातले एलईडी हेडलाइट यांचा हा उद्योग फार असतो. एकेक बंद करत जा. चोर सापडला की त्याच्या वायरीवर फेराइटची क्लिप (असा आवाज अडवणारी) बसवा किंवा चार्जर बदला.

अँपच नसेल आणि कुंई सगळ्या सोर्सवर येत असेल, तर सरळ पायरी ५ वर जा.

३. यंत्रणेचे दोन तुकडे करा

जुन्या आरसीए पिनेचा मधला खिळा आणि बाहेरचं कडं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, डाग देऊन (सोल्डर करून) टाका. अशा दोन पिना करा. अँप बंद करून आरसीए केबल काढा आणि त्या जागी या दोन पिना खोचा. म्हणजे अँपला आता गाणंच मिळत नाही, संपूर्ण शांतता मिळते. इंजिन सुरू करा, रेस द्या.

कुंई अजून येतेय? मग दोष अँपपाशी आहे: त्याचा अर्थ, पॉवर किंवा स्पीकरच्या वायरी. पायरी ४.

कुंई गेली? दोष अँपच्या आधी आहे, टेपमध्ये किंवा केबलमध्ये. तरी पायरी ४ एकदा कराच, कारण अर्थ खराब असला की ती कुंई आरसीएच्याच वाटेने येते. मग पायरी ५ आणि ६.

एक इशारा. या पिना अँपच्या इनपुटमध्येच घालायच्या. टेपच्या आउटपुटमध्ये घातल्या तर टेप शॉर्ट कराल.

४. अँपचा अर्थ

इथे घाई करू नका, कारण मी बघितलेल्या चारपैकी तीन गाड्यांत दोष इथेच सापडला.

गाडीची सगळी बॉडी म्हणजे एक मोठी निगेटिव्ह वायर. हेडलाइट, पंखा, डायनामो, सगळ्यांचा करंट पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. पत्र्यालाही थोडा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे पुढच्या पत्र्यात आणि डिकीतल्या पत्र्यात काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. टेपचा अर्थ पुढे, अँपचा मागे, आणि दोघांना जोडणारी आरसीए केबलची जाळी. फरकाचा करंट मग त्या जाळीतून धावायला लागतो. गाण्याचा सिग्नल जेमतेम एक-दोन व्होल्टचा, हळू आवाजात तर काही मिलिव्होल्टचाच. अँपला त्यातलं गाणं कुठलं आणि डायनामो कुठला हे कळत नाही. तो दोघांनाही इमानदारीत मोठं करतो.

वायरमनची चाचणी करा. लांब वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलला. टोक पॉझिटिव्हच्या आसपासही फिरकू देऊ नका. इंजिन चालू, टेपचा आवाज कमी. कुंई कमी झाली किंवा गेली, तर अर्थ खराब.

आकडा हवा असेल तर मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्ट रेंजवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर (लांब वायर वापरून), दुसरा अँपच्या अर्थवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.२ च्या वर गेलं तर अर्थ नव्याने करा. नुसता ओहम मोजून समाधान मानू नका. मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात.

माझ्या गाडीत अर्थची वायर मागच्या सीटच्या बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट कडक बसलेला, दिसायला अगदी व्यवस्थित. काढून बघितलं तर थिंबलखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, थिंबल पक्कं दाबून बसवलं, आणि साडेचारशेच्या फिल्टरला जमलं नव्हतं ते झालं.

नवीन अर्थ करताना:

- वायर दीड फुटाच्या आत ठेवा आणि पॉझिटिव्हच्या वायरीइतकीच जाड घ्या. स्वस्त किटमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. पातीने खरवडलं की आत पांढरं दिसतं.
- सीट बेल्टच्या बोल्टला हात लावू नका. तो तुमच्या जिवासाठी आहे, अर्थसाठी नाही. सीटचा बोल्टही टाळा, मला नंतर वेगळी जागा शोधावी लागली.
- नवीन भोक पाडायचं तर आधी गाडीखाली वाकून बघा. डिकीच्या आसपास पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, सीएनजी असेल तर त्याची लाइन असते.
- बसवून झाल्यावर जोडावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. घासलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो, कोकणात तर त्याच्याही आधी, आणि पुढच्या दिवाळीला कुंई परत हजर.
- दोन अँप असतील तर दोघांचा अर्थ एकाच जागी.

५. टेपच्या मागे

टेप बाहेर ओढा. बाजारातल्या टेपला पिवळी वायर बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थची. काळी वायर नुसती पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली तर तिथेच थांबा आणि ती नीट जोडा. डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर स्वच्छ जागी वेगळा अर्थ दिलात तर आणखी बरं.

आता ती मघाची गोष्ट. आरसीएच्या बाहेरच्या कड्याला टेपच्या आतून अर्थ मिळतो आणि काही टेपमध्ये त्या वाटेवर केसासारखा बारीक फ्यूज असतो. टेपची काळी वायर सैल असताना, किंवा चालू अँपला पिना काढ-घाल करताना, नको तो करंट या वाटेने जातो आणि फ्यूज उडतो. टेप वाजत राहतो, फक्त कुंई प्रचंड वाढते. तपासायला उघड्या तारेचं एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कड्याला गुंडाळा, दुसरं टेपच्या लोखंडी डब्याला टेकवा. आवाज गेला तर निदान झालं. तीच तार कायमची पक्की केली तरी काम चालतं. फ्यूज बदलायचा तर डाग देणारा चांगला माणूस गाठा.

स्पीकरच्या वायरींपैकी काळ्या रेघेची वायर निगेटिव्ह असते. तिला अर्थ समजून बॉडीला जोडू नका. टेपचा आतला आयसी (चिप) उडतो.

६. केबलचा रस्ता

पॉवरची जाड केबल एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. घाईत काम करणारे दोन्ही एकाच पायपट्टीखालून ओढतात. खात्री करायला आरसीए केबल पट्टीखालून काढून सीटवरून मोकळी टाका आणि ऐका. फरक पडला तरच गालिचा उचला.

७. बॅटरी आणि डायनामो

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार असेल तर गरम पाण्याने धुवा, ब्रश मारा, पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्याही बघा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४.

मग मीटर एसीवर ठेवून इंजिन २००० आरपीएमला, हेडलाइट लावून बॅटरीवरच मोजा. वीस-तीस मिलिव्होल्ट चालतात. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायनामोचा डायोड गेलाय, आणि मग प्रश्न गाण्यांचा उरत नाही, एक दिवस गाडी सुरूच होणार नाही. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरला एसीची लहानात लहान रेंजच २०० व्होल्टची असते, त्यावर ही चाचणी होत नाही. मला एकदा त्याने बॅटरीवर २९ व्होल्ट एसी दाखवले आणि मी घाबरून रात्री वायरमनला फोन केला होता.

८. गेन

गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. टेप किती व्होल्ट देतो ते अँपला सांगायची ती खूण. टेप तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, इक्वलायझर आणि बास बूस्ट शून्य. अँपचा गेन तळापासून हळू वाढवा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. बहुतेक दुकानांत गेन पुरता फिरवून देतात, गिऱ्हाईक खूश होतं म्हणून. सगळ्यात मोठी सुधारणा हिस्सवर इथेच मिळते, आणि फुकट.

९. आता फिल्टर

इथपर्यंत येऊनही बारीक कुंई उरली असेल तर आरसीएच्या मध्ये आयसोलेटर लावा. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पलीकडे पोचवतात पण दोन्हीकडचे अर्थ तोडतात. स्वस्तातला आयसोलेटर बास खातो, आपल्या कानांनी ऐकून घ्या आणि बिल ठेवा. पॉवर लाइनचा फिल्टर फक्त टेपच्या पिवळ्या वायरीवर. अँपला लावायचा तर त्या करंटला पेलणारा मिळणं अवघड.

टिकटिक असेल तर यातलं काहीच नको. मेकॅनिककडून प्लग आणि त्यांच्या वायरी तपासून घ्या, बदलताना रेझिस्टरवालेच प्लग मागा.

वायरमनकडे जायचं झालं तर

गाडी अजून वॉरंटीत असेल तर कंपनीची एकही वायर कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर (तयार जोडणीचा प्लग) मिळतो तो लावून घ्या. आणि नुसतं “आवाज येतोय” म्हणू नका. “रेसबरोबर चढतो, चार्जर काढूनही येतो, शॉर्ट पिना लावल्या की जातो” असं सांगा. माझ्या वायरमनने एवढं ऐकल्यावर डिकी उघडलीच नाही. सरळ टेप ओढला.